मोडलेलं अक्षर: 'गॉथिक' फॉन्टची गोष्ट, टी-शर्टपासून बायबलपर्यंत

माझ्या भाच्याचा कॉलेजात बँड आहे. पाच जण, दोन गिटार, शेजाऱ्यांच्या तक्रारी वगैरे. गेल्या महिन्यात त्यांनी टी-शर्ट छापायचं ठरवलं आणि नावासाठी फॉन्ट निवडला तो काळाकभिन्न, टोकदार, चर्चच्या दारावर शोभेल असा. व्हॉट्सॅप ग्रुपवर नमुना पडताच एकाने लिहिलं, "भावा, हा नाझी फॉन्ट आहे. जर्मनीत घातलास तर पोलीस धरतील." दुसरा म्हणाला, "काहीही! हा तर न्यूयॉर्क टाइम्सचा फॉन्ट." तिसऱ्याला बियरची बाटली आठवली. रात्री अकरा वाजता भाच्याचा फोन: "मामा, तू छापखान्यात होतास ना? यातलं खरं काय?"

खरं म्हणजे थोड्याफार फरकाने तिघांचंही. ही अक्षरं सगळीकडे दिसतात, टॅटूत, जिमच्या बनियनवर, कॉम्प्युटर क्लासच्या सर्टिफिकेटवर, रमच्या जाहिरातीत. पण ती आली कुठून आणि त्यांच्याबद्दल एवढे परस्परविरोधी समज का, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा जरा लांबलचक खुलासा.

आधी नावांचा घोळ मिटवू

या अक्षरवळणाला छपाईच्या जगात 'ब्लॅकलेटर' म्हणतात. पानावर पांढऱ्यापेक्षा काळं जास्त दिसतं, म्हणून ब्लॅकलेटर. हा शब्द एका फॉन्टचा नाही, अख्ख्या घराण्याचा आहे. आपण 'देशस्थ' म्हटलं की एक घर डोळ्यांपुढे येत नाही, तसंच.

'गॉथिक' हे त्याचं दुसरं नाव, आणि ते मुळात शिवी होतं. गॉथ म्हणजे रोमवर चालून गेलेल्या टोळ्या. त्यांचा या अक्षरांशी काडीचाही संबंध नाही; त्यांची लिपी वेगळीच होती आणि ती कित्येक शतकं आधीची. इटलीतल्या विद्वानांना उत्तरेकडची टोकदार अक्षरं आणि टोकदार चर्चं दोन्ही रानटी वाटायची. रानटी म्हणून गॉथिक. शिवी दिली ती चिकटली, आणि पुढे तिचा मान झाला.

घोळ इथे संपत नाही. अमेरिकेत 'गॉथिक' म्हणजे बरोबर उलटं: टोकाला शेपट्या नसलेलं साधं, सरळ अक्षर. 'फ्रँकलिन गॉथिक', 'सेंच्युरी गॉथिक' हे फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर असतील तर उघडून पाहा, त्यात चर्चबिर्च काही नाही. जपानमध्येही हाच उलटा अर्थ रुळला आहे. तिसरं नाव 'ओल्ड इंग्लिश'. तेही फसवं, कारण जुनी इंग्रजी भाषा जेव्हा बोलली जात होती तेव्हा ही अक्षरं जन्मालाही आली नव्हती. मी पुढे 'ब्लॅकलेटर' हाच शब्द वापरतो.

बोरूने मोडलेलं वळण

मराठीत हस्ताक्षराला 'वळण' म्हणतात. "वळण चांगलं आहे" हे अक्षराबद्दलही म्हणतो आणि पोरांबद्दलही. ब्लॅकलेटरची गंमत अशी, की या वळणात वळण नाही. गोल रेघच नाही. इंग्रजी 'ओ' काढायचा तर एका फटक्यात गोल न फिरवता, उभी रेघ, वर तिरका तुकडा, खाली तिरका तुकडा, पुन्हा उभी रेघ असं करत षटकोनासारखा रचायचा. दर तुकड्याला लेखणी उचलायची.

आठव्या-नवव्या शतकात, सम्राट शार्लमेनच्या काळात, युरोपात एक गोलसर, मोकळं अक्षर प्रचलित होतं. बाराव्या शतकाच्या सुमारास उत्तर फ्रान्स आणि आसपासच्या भागात ते हळूहळू उभट, अरुंद आणि कोनदार होत गेलं. विद्यापीठं निघाली होती, पुस्तकांची मागणी वाढली होती आणि पुस्तक कातड्यावर लिहिलं जायचं. एका मोठ्या ग्रंथाला वासरं-मेंढरांचा कळप लागायचा. अक्षरं दाटीवाटीने बसवली तर कातडं वाचतं, हे कारण नेहमी दिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. जागा वाचवायची असती तर प्रार्थनेच्या पोथ्या बोटभर उंचीच्या अक्षरांत कोणी लिहिल्या नसत्या. त्या लोकांना ते दिसायला आवडत होतं, हेही तितकंच खरं. पानभर उभ्या रेघा अशा एकसारख्या बसायच्या की विणलेल्या कापडासारखं दिसावं. या सर्वांत कडक शैलीचं नावच 'टेक्स्टुरा', म्हणजे विणकाम.

हे सगळं घडवलं ते रुंद कापलेल्या पिसाच्या लेखणीने. ज्यांनी शाळेत बोरूने कित्ता गिरवला आहे त्यांना हे हातानेच समजेल: टोक रुंद असलं की एका दिशेला जाड रेघ येते, दुसऱ्या दिशेला बारीक. फरक एवढाच, की देवनागरीसाठी बोरूचा कल ज्या बाजूला असतो त्याच्या साधारण उलट बाजूला रोमन अक्षरांचा असतो. त्यामुळे आपल्याकडे जाड दिसणारी तिरकी रेघ त्यांच्याकडे बारीक येते.

आता या घराण्यातल्या सर्वांत प्रसिद्ध शाखेचं नाव पाहा: 'फ्राक्टुर'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तुटलेलं, मोडलेलं. आणि आपल्या मोडीचं नाव कशावरून आलं असं सांगतात? मोडण्यावरूनच. दोन दूरच्या प्रदेशांत दोन लिप्यांना एकच नाव, पण कारणं अगदी उलटी. मोडीत आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग लेखणी न उचलता भराभर लिहीत जायचं. वेग हवा म्हणून बालबोध अक्षर मोडलं. फ्राक्टुरमध्ये लेखणी पुन्हा पुन्हा उचलली म्हणून अक्षर मोडलं. एक कारकुनाच्या घाईतून आलं, दुसरं लेखनिकाच्या सबुरीतून.

गुटेनबर्गने हेच अक्षर का उचललं?

जर्मनीतल्या माइन्झ शहरात, युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गने १४५५च्या आसपास बायबल छापून पूर्ण केलं. पानाला दोन रकाने, बहुतेक रकान्यांत ४२ ओळी, म्हणून त्याला बेचाळीस ओळींचं बायबल म्हणतात. सुमारे १८० प्रती निघाल्या, आज पन्नासच्या आत उरल्या आहेत. त्यातलं अक्षर टेक्स्टुरा.

नवं तंत्र हाती असताना जुनं अक्षर का? विजेवरची समई आठवा. आत बल्ब, पण आकार ज्योतीचा, कारण देव्हाऱ्यात ज्योतच हवी. गुटेनबर्गच्या गिऱ्हाइकाला बायबल म्हणजे हाताने लिहिलेलं बायबल एवढंच ठाऊक होतं. छापलेलं पुस्तक तसं दिसलं नसतं तर ते बायबल वाटलंच नसतं.

त्यासाठी त्याने घेतलेली मेहनत मात्र थक्क करणारी आहे. इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरं. त्याने सुमारे २९० वेगवेगळे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, पाडले. एकाच अक्षराचे अरुंद-रुंद प्रकार, जोडाक्षरं, लेखनिक वापरत तशी संक्षेपाची चिन्हं. हे सगळं ओळीची उजवी कड सरळ यावी म्हणून. मी खिळे जुळवलेले आहेत, आणि देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीत, शेकडो घरं सांभाळताना वैतागलेलोही आहे. रोमनवाल्यांचं काम सोपं असं आम्ही म्हणायचो. पहिल्या रोमनवाल्याचं नव्हतं.

इटलीने टाकलं, जर्मनीने धरलं

चौदाव्या शतकातच कवी पेत्रार्क कुरकुरत होता, की हे अक्षर दुरून देखणं पण वाचताना डोळे दमवतं. त्याच्या मागून आलेल्या इटालियन विद्वानांनी प्राचीन रोमन ग्रंथ शोधून काढले, त्यातलं मोकळं गोल अक्षर पाहिलं आणि हेच आपल्या पूर्वजांचं असं समजून उचललं. प्रत्यक्षात त्या पोथ्या शार्लमेनच्या काळातल्या नकला होत्या. म्हणजे ब्लॅकलेटरने ज्याला मागे सारलं होतं, तेच अक्षर 'प्राचीन' म्हणून परत आलं. १४७० साली व्हेनिसमध्ये निकोला जेन्सनने त्यावरून जो टाइप पाडला, त्याचीच वंशावळ आज तुमच्या मोबाइलच्या रोमन अक्षरापर्यंत येते. ज्याला आपण 'आधुनिक' अक्षर समजतो त्याचं मूळ 'जुनाट' ब्लॅकलेटरपेक्षा जुनं आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला बराच वेळ पटेना.

इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टनने १४७६मध्ये छापखाना काढला तो ब्लॅकलेटरनेच. १६११चं किंग जेम्स बायबलही ब्लॅकलेटरमध्ये आहे. भाषांतरकारांनी अर्थासाठी पदरचे घातलेले शब्द त्यात वेगळे दाखवले आहेत, आणि ते कशात? साध्या रोमनमध्ये! पुढे रोमनने जागा घेतली, पण कायद्याची पुस्तकं बराच काळ काळ्या अक्षरात निघत राहिली. वकील लोक वादातीत, पक्क्या नियमाला 'ब्लॅक-लेटर लॉ' म्हणतात ते यावरूनच.

परदेशातल्या पबवर 'यी ओल्ड' असं काहीसं लिहिलेलं दिसतं, तो विनोदही इथलाच. जुन्या इंग्रजीत 'थ'साठी एक स्वतंत्र अक्षर होतं. हस्तलिखितात ते हळूहळू 'वाय'सारखं दिसू लागलं. छापखान्यांत युरोपातून आलेल्या खिळ्यांत ते अक्षर नव्हतं, म्हणून जुळाऱ्यांनी 'वाय'चा खिळा ठोकून दिला. वाचायचं मात्र इंग्रजी 'द' (the) असंच. आज पाटी रंगवणारा आणि वाचणारा दोघेही 'यी' म्हणतात.

जर्मनीत गोष्ट वेगळी झाली. सम्राट मॅक्सिमिलियन पहिला याला अक्षरांचा षोक. त्याच्यासाठी १५१३मध्ये प्रार्थनापुस्तक आणि १५१७मध्ये एक वीरकाव्य छापलं गेलं, त्यातून फ्राक्टुर घडलं. १५२२मध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरचा जर्मन 'नवा करार' (बायबलचा उत्तरार्ध) आला तो 'श्वाबाखर' नावाच्या, जरा गोलसर ब्लॅकलेटरमध्ये. लोकांच्या भाषेतलं पुस्तक लोकांच्या अक्षरात, असं समीकरण बसलं. मग प्रथाच पडली: जर्मन शब्द ब्लॅकलेटरमध्ये, लॅटिन किंवा फ्रेंच शब्द रोमनमध्ये, एकाच ओळीत असले तरी. वाचणाऱ्याला अक्षरावरूनच कळायचं की हा पाहुणा शब्द आहे.

एकदा अक्षर भाषेशी बांधलं गेलं की अस्मितेशी बांधलं जायला वेळ लागत नाही. नेपोलियनच्या स्वाऱ्यांनंतर रोमन अक्षर 'फ्रेंचांचं' ठरलं. जर्मन कवी गटेच्या आईने लेकाला बजावलं होतं, तुझी पुस्तकं जर्मन अक्षरातच छापून घे. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क तर रोमनमध्ये छापलेलं जर्मन पुस्तक वाचायलाच नकार द्यायचा असं सांगतात. १९११ साली हा वाद थेट संसदेत गेला. शाळेत रोमनला पुढे आणण्याची मागणी तिथे फेटाळली गेली.

"पण मामा, नाझींचा फॉन्ट आहे की नाही?"

आता मुख्य प्रश्न. ऐका, कारण उत्तर जरा विचित्र आहे: नाझींनी तो डोक्यावर घेतला आणि नाझींनीच तो बंद केला.

१९३३मध्ये सत्तेवर आल्यावर 'जर्मन लोकांसाठी जर्मन अक्षर' हा घोष सुरू झाला. फ्राक्टुरच्या नाजूक कड्या छाटून जाड, करडे टाइप बाजारात आले; 'टॅननबर्ग' हे त्यातलं गाजलेलं नाव. जुळाऱ्यांनी त्या जातीला थट्टेने 'बुटांची अक्षरं' म्हटलं, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे लष्करी बूट. त्या काळातल्या फलकांवर, भित्तिपत्रकांवर जे दिसतं ते बहुधा हे. १९३७मध्ये तर ज्यू प्रकाशकांना फ्राक्टुर वापरण्यास बंदी घातली गेली: हे आमचं अक्षर, तुमचं नव्हे.

आणि मग ३ जानेवारी १९४१. हिटलरच्या वतीने नाझी पक्षाचा बडा अधिकारी मार्टिन बोरमान याने एक परिपत्रक काढलं. त्यात म्हटलं होतं, की तथाकथित गॉथिक लिपी जर्मन समजणं चूक आहे, ती वास्तविक 'श्वाबाखर ज्यू अक्षरं' आहेत. यापुढे रोमन हेच सामान्य अक्षर. चार वर्षांपूर्वी ज्यूंना जे वापरायला मनाई केली, ते आता ज्यूंचंच ठरवलं. या दाव्याला इतिहासात कसलाही आधार नाही; पंधराव्या शतकातल्या जर्मनीत ज्यूंना छापखान्याच्या धंद्यात शिरकावच नव्हता. कळस म्हणजे ज्या कागदावर हा हुकूम निघाला, त्याच्या माथ्यावरचं पक्षाचं नाव गॉथिक अक्षरांतच छापलेलं होतं. हुकूम काढणाऱ्यांना लेटरहेड बदलायलाही सवड झाली नव्हती.

खरं कारण व्यवहाराचं दिसतं. तोवर अर्धा युरोप जर्मनीच्या ताब्यात होता, आणि फ्रेंच किंवा पोलिश माणसाला फ्राक्टुरमधले फतवे वाचता येत नव्हते. ज्याला हुकूम वाचता येत नाही तो पाळणार कसा? शिवाय हिटलरला स्वतःला ही अक्षरं फारशी आवडत नव्हती. १९३४च्या एका भाषणात त्याने जुन्यापुराण्याच्या वेडाची टर उडवताना गॉथिक अक्षरांतल्या रस्त्यांच्या पाट्यांचाही समाचार घेतला होता.

परिपत्रकाच्याच वर्षी, १९४१मध्ये, शाळेत शिकवलं जाणारं जर्मन हस्ताक्षरही गेलं. जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या शाळांत १९१५पासून 'झुटरलिन' नावाचं वळण शिकवलं जात होतं. ते बंद झालं आणि एका पिढीत दरी पडली: आजीची पत्रं नातवाला वाचता येईनात. मराठी वाचकाला हे दुःख परकं नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल पडून आहेत आणि घरोघरी पणजोबांची खतं-पत्रं. पण वाचायला क्लास लावावा लागतो. आपल्याकडे मोडी छपाईच्या सोयीपुढे आणि सरकारी निर्णयांपुढे ओसरत गेली, तिकडे एका परिपत्रकाने काम झालं.

तर भाच्याला दिलेलं उत्तर असं: हा 'नाझी फॉन्ट' नाही, साडेतीनशे-चारशे वर्षं जर्मनीत पंचांगापासून पाककृतीपर्यंत सगळं त्यात छापलं गेलं. जर्मनीत तो घातल्याबद्दल कोणी धरत नाही. तिथे बंदी आहे ती नाझी चिन्हांवर. गावोगावच्या खाणावळींच्या आणि औषधांच्या दुकानांच्या जुन्या पाट्यांवर तो आजही आहे. पण आजचे नवनाझी तो मुद्दाम वापरतात, हेही खरं. म्हणून काळ्या शर्टावर, गरुडाशेजारी, एखादी राष्ट्रप्रेमाची घोषणा त्यात लिहिली तर जर्मन माणूस दचकेल, आणि त्याचं चुकणार नाही.

मग वृत्तपत्रांच्या माथ्यावर तो कसा टिकला?

न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट, लंडनचं डेली टेलिग्राफ, सगळ्यांची शीर्षनावं ब्लॅकलेटरमध्ये आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तो भारदस्तपणाचा शिक्का होता. लंडनच्या 'द टाइम्स'ने मात्र १९३२मध्ये टाइपतज्ज्ञ स्टॅनली मॉरिसनच्या सांगण्यावरून गॉथिक शीर्षक काढून रोमन घेतलं. त्याच बदलात 'टाइम्स न्यू रोमन' जन्माला आला. न्यूयॉर्क टाइम्सच्या नावापुढे पूर्णविराम होता. तो काढायला १९६७ उजाडलं. आपल्याकडेही जुन्या दैनिकांचं शीर्षाक्षर बदलायचं म्हटलं की वाचक हमरीतुमरीवर येतात.

सर्वांत बोलका दाखला फ्रेंचांचा. 'ल मोंद' हे दैनिक डिसेंबर १९४४मध्ये निघालं, पॅरिस जर्मनांच्या तावडीतून सुटल्याला चार महिनेही झाले नव्हते. आणि त्याचं शीर्षक? गॉथिक. आधीच्या 'ल तां' या दैनिकाचं रूप त्यांनी पुढे चालवलं. जर्मन बुटाखाली चार वर्षं काढलेल्या शहराला ती अक्षरं जर्मन वाटली नाहीत, वृत्तपत्राची वाटली. उलट जर्मनीतलं 'फ्रांकफुर्टर अल्गेमाइने' संपादकीय मजकुराचे मथळे २००७पर्यंत फ्राक्टुरमध्ये छापत होतं, मग ते सोडलं. नाव मात्र अजून त्याच अक्षरात.

मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात छापखाना नेला, त्याबरोबर ही अक्षरं गेली आणि दुकानांच्या पाट्यांवर, ट्रकांवर, बियरच्या लेबलांवर स्थिरावली. 'कोरोना'ची बाटली आठवा. तिथून ती लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांत आली. भिंतींवर आपल्या टोळीचं नाव लिहिणाऱ्या पोरांनी ओल्ड इंग्लिश निवडलं, कारण पदवीपत्रावर आणि वृत्तपत्रावर जे अक्षर असतं ते वजनदार. भिंतीवरून कातडीवर, कातडीवरून हिपहॉपमध्ये. २०१६मध्ये रॅपर कान्ये वेस्टच्या कार्यक्रमातल्या कपड्यांवर ते झळकलं आणि जगभरच्या फॅशनवाल्यांनी ओढून घेतलं. तुमच्या गल्लीतल्या बनियनवर ते बहुधा या वाटेने आलं आहे, बर्लिनहून नव्हे.

हेवी मेटलची वाट निराळी. तिथे चर्च, मध्ययुग, मृत्यू यांचा पसारा हवाच होता. 'मोटरहेड' या ब्रिटिश बँडने तर नावातल्या 'ओ'वर जर्मन पद्धतीचे दोन ठिपके दिले. उच्चारात त्यांचं काही काम नाही, दिसायला भारी एवढंच.

आणि आपल्याकडची सर्टिफिकेटं? त्यांचं रहस्य अगदीच साधं आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर 'ओल्ड इंग्लिश टेक्स्ट' नावाचा फॉन्ट फुकट येत होता.

वाचताच येत नसेल तर उपयोग काय?

हा आक्षेप पेत्रार्कच्या वेळचा आहे, आणि अर्धा बरोबर आहे. टेक्स्टुरामध्ये इंग्रजी 'मिनिमम' हा शब्द लिहून पाहा: सात अक्षरं, पण कागदावर पंधरा एकसारख्या उभ्या रेघा. कुठे 'एम' संपला आणि 'यू' सुरू झाला, देव जाणे. असल्या रेघांच्या जंगलात 'आय' सापडावा म्हणून लेखनिक त्याच्या डोक्यावर बारीक खूण करू लागले. आज 'आय'वर जो ठिपका असतो तो या खुणेचाच वंशज.

उरलेलं अर्धं उत्तर सवयीचं. फ्राक्टुरमध्ये छोटा 'के' 'टी'सारखा भासतो, छोटा 'एक्स' 'आर'सारखा, मोठा 'ए' चक्क 'यू'सारखा. मोठ्या 'आय' आणि 'जे'चा तर बहुतेकदा खिळाच एक. शिवाय 'एस' दोन प्रकारचे: शब्दाच्या शेवटी गोल, इतरत्र लांब, आणि लांब 'एस' 'एफ'चा जुळा भाऊ. तरीही जर्मन मुलं त्यात गोष्टी वाचत झोपी जायची. इतकंच नाही, दोन 'एस'मुळे जर्मनच्या लांबलचक जोडशब्दांचे सांधे दिसायचे. एकाच स्पेलिंगचा एक शब्द आहे: मधला 'एस' गोल असेल तर 'मेणाची ट्यूब', लांब असेल तर 'पहारेकऱ्यांची खोली'. रोमनमध्ये ही सोय गेली.

आज ती सवय कोणालाच नाही. म्हणून ब्लॅकलेटर आता पैठणीसारखं: लग्नात नेसा, नेसून मंडईत जाऊ नका. दोन-चार शब्दांचं नाव, एखादं शीर्षक, परिच्छेदाचं पहिलं अक्षर. मेनूकार्डातल्या भाज्यांच्या किमती त्यात छापणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं, गिऱ्हाइकाने काही विचारूच नये अशी त्याची इच्छा असावी.

आणि एक अडचण परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला लगेच कळेल. तिकडच्या इंडियन रेस्टॉरंटांवर शिरोरेषेला लटकवलेली रोमन अक्षरं असतात, इंग्रजीच पण देवनागरीचा मुखवटा घातलेली. आपल्याला हसू येतं, कधी राग. प्रत्येक जर्मन गोष्टीवर ब्लॅकलेटर मारलं की त्यांनाही तसंच होतं.

इन्स्टाग्रामवरचं ते अक्षर फॉन्ट नव्हेच

बायोमध्ये नाव गॉथिक अक्षरांत लिहिलेली मुलं आपण पाहतो. इन्स्टाग्राम फॉन्ट बदलू देत नाही, मग हे कसं? गणितामुळे. गणितज्ञ शंभराहून अधिक वर्षं काही संकल्पनांसाठी फ्राक्टुर अक्षरं वापरतात. कॉलेजात 'ली बीजगणित' शिकलेल्यांना तो फ्राक्टुर 'जी' आठवेल. साधा 'जी' आणि फ्राक्टुर 'जी' यांचे अर्थ वेगळे, म्हणून युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीने, २००१मध्ये फ्राक्टुरची गणिती अक्षरं स्वतंत्र म्हणून नोंदवली. 'फॅन्सी टेक्स्ट' देणाऱ्या साइट्स तुमच्या नावातलं प्रत्येक अक्षर त्या गणिती चिन्हाने बदलून देतात.

त्यामुळे काय होतं? अंध व्यक्तीचा मोबाइल तुमचं नाव न वाचता "मॅथेमॅटिकल फ्राक्टुर कॅपिटल ए, मॅथेमॅटिकल फ्राक्टुर स्मॉल एम" असं काहीतरी बडबडतो, नाहीतर गप्प बसतो. शोधात नाव सापडेलच असं नाही. जुन्या फोनवर चौकोन दिसतात. देवनागरीला ही युक्ती लागू नाही, तशी चिन्हंच नाहीत. देवनागरीला तुटक, कोनदार वळण देण्याचे प्रयोग सुलेखनकार हाताने करतात. शिरोरेषेमुळे ते विणकाम कधी कधी फार सुंदर जमतं, पण ते फोनच्या कीबोर्डातून येणार नाही.

वापरायचंच असेल तर

सगळी अक्षरं कॅपिटल करू नका. हा एकच नियम पाळला तरी नव्वद टक्के विद्रूप टॅटू टळतील. ब्लॅकलेटरची मोठी अक्षरं म्हणजे प्रत्येक जण नवरदेव. ती ओळीच्या सुरुवातीला एकटी शोभतात, सात एका रांगेत उभी केली की वरात कोणाची ते कळत नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. विणकाम उसवतं. अमेरिकन टाइपकार फ्रेडरिक गाउडी म्हणायचा म्हणे, की ब्लॅकलेटर विरळ करणारा माणूस मेंढ्याही चोरेल. गंमत अशी, की जर्मन जुळारी एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर नेमकं हेच करायचे, कारण फ्राक्टुरला तिरका टाइप नव्हता. नियम सांगणाऱ्यांनी नियम मोडणाऱ्यांचं छापलेलंही वाचावं.

फॉन्ट उतरवून घेताना परवाना बघा. 'पिराता वन', 'उनिफ्राक्टुर', 'ग्रेन्झे गोटिश' हे गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि धंद्यासाठीही चालतात. इतर साइट्सवरचे बरेचसे 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असतात, आणि विकायचा टी-शर्ट वैयक्तिक नसतो.

भाच्याने शेवटी फ्राक्टुरच ठेवलं, नमुन्यातला गरुड काढून टाकला आणि पहिलं अक्षर सोडून बाकी लहान केली. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याने नमुना डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "ही आतली पोटं एवढी बारीक आहेत, शाई भरून येईल. दीड पट करा." केलं. आता शर्ट छान दिसतो. फक्त बँडचं नाव 'ए'वरून सुरू होतं, आणि पहिल्या कार्यक्रमात निवेदकाने ते 'यू'वरून वाचलं.